दर सांगताना आवाज का बसतो?

"अगं, चार फोटो तर काढायचेत. त्याचे काय पैसे घेतेस? घरचंच कार्य आहे!"

मैत्रिणींनो, हे वाक्य तुम्हीही ऐकलंय ना? तुमचं शिवणकाम असो, मेंदी असो, पुरणपोळ्यांच्या ऑर्डरी असोत, नाहीतर माझ्यासारखा फोटो स्टुडिओ असो. घरून धंदा सुरू करणाऱ्या बाईला पहिलं गिऱ्हाईक ओळखीतलं मिळतं आणि पहिली खोटही ओळखीतच बसते.

आमचं गाव तालुक्याचं. एसटी स्टँडच्या मागच्या गल्लीत दहा बाय बाराच्या खोलीत माझा स्टुडिओ आहे. पतसंस्थेत पाटल्या गहाण ठेवून कॅमेरा घेतला. तेव्हा सासूबाई एवढंच म्हणाल्या, "घे बाई. पण पाटल्या परत हातात दिसल्या पाहिजेत." मी हो म्हटलं. मनात विचार होता, फोटो चांगले आले की पैसे आपोआप येतील.

पैसे आपोआप येत नाहीत! पहिल्या हंगामात अकरा कार्यं केली. त्यातली सहा 'घरची'. वर्षाअखेर वही उघडली तर मिळकतीच्या रकान्यात चार खण, दोन स्टीलचे डबे आणि एक साडी. फोटोंचं कौतुक मात्र अख्ख्या गावभर. आता पतसंस्थेचा हप्ता काही खणांनी फिटत नाही. दोन हप्ते थकले आणि मला रात्री झोप लागेना.

तुझी डाळ कोणती?

शेजारच्या काकू बचत गटात पापड करतात. त्यांच्यापाशी रडगाणं गायले, तर त्यांनी उलट मलाच विचारलं, "एका कार्याला तुला खर्च किती येतो?" मी म्हटलं, "खर्च कसला? कॅमेरा तर आपलाच आहे." काकू हसल्या. म्हणाल्या, "मी पापडाचा भाव काढताना डाळ धरते, पापडखार, हिंग, तेल धरते, लाटणाऱ्या बायकांची मजुरी धरते. तुझी डाळ कोणती ते आधी शोध."

त्या दिवशी आम्ही दोघींनी बसून हिशेब मांडला. कॅमेरा, लेन्स, फ्लॅश मिळून ९०,००० रुपये. तीन वर्षं चांगलं काम देईल असं धरलं, तर महिन्याला २,५०० झाले. महिन्याला पाच कार्यं धरली, तर एका कार्यामागे ५०० रुपये नुसते कॅमेऱ्याचे. आणि कॅमेरा झिजतो बरं का. साध्या कॅमेऱ्याचं शटर साधारण एक लाख क्लिक टिकेल असं धरतात. मोठ्या लग्नात दोन हजार क्लिक सहज होतात. म्हणजे पन्नास लग्नांत जातं झिजलं!

पुढे खोलीचं भाडं आणि वीजबिल महिन्याला ३,०००, म्हणजे कार्यामागे ६००. पेट्रोल १५०. लाइट धरायला येणाऱ्या मुलाचे ५००. प्रिंटचे ३००. बेरीज झाली २,०५०. यात माझी मजुरी अजून आलीच नव्हती. कार्यात अर्धा दिवस जातो, हे सगळ्यांना दिसतं. पण नंतर फोटो निवडणं, रंग-उजेड सुधारणं, अल्बम लावणं यात दोन दिवस कॉम्प्युटरपुढे जातात, ते कुणालाच दिसत नाही. दिवसाला ५०० धरून तीन दिवसांचे १,५००. एकूण ३,५५०.

आणि परक्या गिऱ्हाइकाकडून मी घेत होते १,५००! म्हणजे माझी मजुरी तर गेलीच, वर प्रत्येक कार्यामागे ५५० रुपये मी पदरचे घालत होते. 'घरच्यां'चं तर बोलायलाच नको.

हे आकडे माझे आहेत, तुमचे वेगळे असतील. पण हिशेब मांडल्याशिवाय कॅमेरा हातात घेऊ नका.

आकडा सांगा आणि गप्प बसा

हिशेब कळला, तरी तोंडातून आकडा निघेना. दर सांगायची वेळ आली की माझा आवाज बसायचा. एक दिवस स्वतःकडेच लक्ष दिलं, तेव्हा गंमत कळली. मी आकडा सांगायची आणि समोरची काही बोलायच्या आतच म्हणायची, "पण तुम्हाला कमी करीन हं." घासाघीस मीच सुरू करत होते!

मग आरशासमोर उभी राहून सराव केला. आकडा सांगायचा आणि तोंड मिटायचं. समोरचीला विचार करायला वेळ द्यायचा. हसू नका, ही सवय व्हायला मला सहा महिने लागले.

दुसरं, दरपत्रक छापून भिंतीवर लावलं. दोन तासांचं कार्य, अर्धा दिवस, पूर्ण दिवस. त्यात किती फोटो, अल्बम किती पानांचा, जादा प्रिंटचा दर काय, फोटो किती दिवसांत मिळणार. तारीख ठरवताना निम्मे पैसे विसार, उरलेले अल्बम हातात देताना. तारीख बदलली किंवा कार्य रद्द झालं तर विसाराचं काय, तेही लिहिलं. तोंडी सांगायला संकोच वाटतो, भिंतीला वाटत नाही.

नात्यातल्यांचं काय करायचं? त्यावर काकूंनीच तोड काढली. आपण लग्नात आहेर देतोच ना? मग बिल पूर्ण करायचं आणि खाली लिहायचं: 'आमच्याकडून आहेर ५०० रुपये', बाकी इतके. कामाची किंमतही कळते आणि नातंही राहतं.

तरी एक मामेसासूबाई रुसल्याच. नातवाच्या बारशाला दुसरा फोटोग्राफर बोलावला आणि संक्रांतीच्या हळदीकुंकवात सगळ्यांना सांगितलं, "तिच्याकडे भाव होत नाही हं, सगळं भिंतीवर लिहिलंय." मला ते फार लागलं. पण पुढच्याच आठवड्यात त्याच हळदीकुंकवातल्या दोघीजणी दारात! म्हणाल्या, "आत यायच्या आधीच कळतं किती लागणार, ते बरं. आम्हाला कुठे घासाघीस येते?" मामेसासूबाईंनी माझी जाहिरात फुकटात केली होती.

बायकांचं कार्य, बाईचा कॅमेरा

"आता प्रत्येकाच्या हातात मोबाइल आहे, तुझ्याकडे कोण येणार?" हा प्रश्न मला अजूनही विचारतात. मोबाइलने फोटो छान येतात, यात वादच नाही. पण घरच्या कार्याचे फोटो काढून बघा. जिने पहाटेपासून राबून सगळं केलं, ती एकाही फोटोत नसते. एकतर ती फोटो काढत असते, नाहीतर स्वयंपाकघरात असते. मी कार्याला गेले की आधी तिला शोधते. पदर खोचलेला, कपाळावर घाम, असा एक फोटो आणि नीट बसवून एक फोटो. पुढची ऑर्डर बहुतेक वेळा तीच आणते.

आणि बायका बाईसमोर मोकळ्या होतात. डोहाळजेवणाची वाडी असो, हळद असो की मंगळागौरीच्या फुगड्या, पुरुष फोटोग्राफर आला की पदर सावरले जातात. ही युक्ती काही माझी नव्हे. राजा दीनदयाळ या नामांकित फोटोग्राफरने १८९२ मध्ये हैदराबादला खास बायकांसाठी जनाना स्टुडिओ काढला होता आणि त्याची व्यवस्था एका बाईकडेच दिली होती.

धंद्याचं वर्ष कॅलेंडर बघून आखावं लागतं. आषाढी एकादशीपासून तुळशीच्या लग्नापर्यंत लग्नं जवळजवळ बंद. हे चार महिने नव्या फोटोग्राफरला बुडवतात. पण श्रावणात मंगळागौरी असतात, भाद्रपदात घरचे गणपती आणि गौरी, नवरात्रात भोंडला. जानेवारीत बोरन्हाण आणि रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकवं. बारसं नि डोहाळजेवण तर बारमाही. ज्या बाळाच्या बारशाचे फोटो काढले, त्याची जन्मतारीख मी वहीत लिहून ठेवते. वर्ष व्हायच्या महिनाभर आधी आईला फोन करते. दहातल्या चार-पाच जणी हमखास येतात. मेंदी काढणाऱ्या ताई, ब्यूटी पार्लरवाल्या वहिनी आणि केटरर काका यांच्याकडे एकेक छोटा अल्बम ठेवलाय. लग्न ठरलं की माणसं आधी त्यांच्याकडेच जातात.

पासपोर्ट फोटोला कमी लेखू नका. चार बाय सहाच्या एका कागदावर आठ फोटो बसतात. परीक्षांच्या ऑनलाइन फॉर्मसाठी सांगितलेल्या मापाची फाइलही करून द्यावी लागते. रोजचे हे किरकोळ पैसेच पावसाळ्यात खोलीचं भाडं भागवतात. आणि पावसाळ्यात लेन्सला बुरशी धरते बरं. कॅमेरा घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवा.

फोटो म्हणजे ठेव

आता माझी एक चूक सांगते. दुसऱ्या वर्षीची गोष्ट. एका डोहाळजेवणाचं कार्ड कॉम्प्युटरवर उतरवलंय असं समजून मी ते फॉरमॅट केलं आणि त्यावर शाळेचं स्नेहसंमेलन काढलं. रात्री कळलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या घरी गेले, खरं सांगितलं, सगळे पैसे परत केले. मुलगी रडायला लागली. तिची आई म्हणाली, "या तुम्ही आता." त्या घरातून मला पुन्हा बोलावणं आलं नाही आणि त्यात त्यांचं काही चुकलं नाही. पैसे परत देता येतात, डोहाळजेवण परत देता येत नाही.

तेव्हापासून नियम केला. घरी आल्यावर चपला काढायच्या आधी कार्ड उतरवायचं. कॉम्प्युटरवर एक प्रत, वेगळ्या हार्ड डिस्कवर दुसरी. अल्बम गिऱ्हाइकाच्या हातात पडेपर्यंत कार्डाला हात लावायचा नाही. आणि चुकून कार्ड पुसलं गेलंच, तर त्यावर एकही नवा फोटो काढू नका. फोटो परत मिळवणारी सॉफ्टवेअर असतात, बऱ्याचदा जुने फोटो निघतात. मी वर शाळेचे फोटो काढले, म्हणून माझे गेले.

आणखी एक गोष्ट बऱ्याच जणींना ठाऊक नसते. आपण काढलेला फोटो आपलाच, असं आपल्याला वाटतं. पण १९५७च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे गिऱ्हाइकाने पैसे देऊन फोटो काढून घेतला आणि वेगळा करार नसेल, तर त्याचा पहिला हक्क गिऱ्हाइकाचा असतो. म्हणून माझ्या पावतीवर एक ओळ छापलीय: 'हे फोटो दुकानात किंवा व्हॉट्सॲप, इन्स्टाग्रामवर दाखवायला परवानगी आहे / नाही' आणि खाली सही. कोणी 'नाही'वर खूण केली, तर कारण विचारत नाही. आपले फोटो कुठे जातील, ही भीती बायकांना असते. ती भीती जिच्याकडे नसते, तिच्याकडे त्या जातात.

पावतीवर नाव कुणाचं?

सुरुवातीला माझी पावती यांच्या नावाने होती. "बाईचं नाव बघून लोक घासाघीस करतील," असं आम्हाला वाटायचं. होमाई व्यारावाला या भारतातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार. मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयात शिकल्या. त्यांचे सुरुवातीचे फोटो त्यांच्या पतीच्या नावाने छापून यायचे. त्याच होमाईंना २०११ मध्ये पद्मविभूषण मिळालं, अर्थात त्यांच्या स्वतःच्या नावाने. हे वाचलं आणि मी नवीन पावतीपुस्तक छापायला टाकलं.

नाव लावणं म्हणजे नुसती पाटी नव्हे. बँकेत स्वतःच्या नावाचं खातं हवं, धंद्याचे पैसे घरखर्चात मिसळायचे नाहीत. 'उद्यम' नोंदणी आधार कार्डावर ऑनलाइन होते आणि ती मोफत आहे, एजंटला पैसे देऊ नका. सेवेच्या धंद्यात वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल, तर साधारणपणे जीएसटीची नोंदणी लागत नाही. कर्ज हवं असेल, तर मुद्रा योजनेच्या 'शिशु' गटात तारणाशिवाय ५०,००० रुपयांपर्यंत मिळू शकतं. मला हे आधी कळलं असतं, तर पाटल्यांचा विचार निदान दोनदा केला असता.

पाटल्या तिसऱ्या वर्षी सुटल्या. आता दुपारी मी जेवायला गेले की सासूबाई काउंटरवर बसतात. परवा त्यांची सख्खी बहीण आली, नातीच्या साखरपुड्याचं विचारायला. मी आतून ऐकत होते. मावशी म्हणाल्या, "अगं, तुझीच सून, आपल्याकडून काय घेणार ती?"

सासूबाईंनी चष्मा सारखा केला आणि म्हणाल्या, "दर भिंतीवर आहे, वाच. विसार आत्ता देतेस की संध्याकाळी?"