होडीची मोटर दमते तेव्हा

कोकणातील खाड्यांमध्ये लहान होडीच्या मागील फळीला टांगलेली मोटर तुमच्यापैकी अनेकांनी पाहिली असेल. इंजिन, उभा दांडा आणि पाण्यात फिरणारा पंखा, सारे एकाच सांगाड्यात! हीच ‘आउटबोर्ड मोटर’. अमेरिकेत ओले एव्हिनरूड यांनी १९०९ साली अशी मोटर विक्रीस आणली आणि ती लोकप्रिय झाली.

समजा, किनाऱ्यावरून निघताना जोमात असलेली ही मोटर दहा मिनिटांतच मंदावली. ओहोटी होडीला समुद्राकडे ओढू लागली. अशा वेळी दिसेल तो स्क्रू पिळत बसणे घातक ठरते. आधी नांगर टाकावा आणि मग क्रमाक्रमाने विचार करावा.

पहिला प्रश्न : बिघाड इंजिनात की पंख्यात? हे कानांनी ओळखता येते. इंजिनाचा आवाज चढतो, पण होडीचा वेग वाढत नाही, याचा अर्थ शक्ती निर्माण होते, पण पाण्यापर्यंत पोचत नाही. पंख्याचे पाते मोडलेले असेल किंवा पंख्याच्या मधला रबरी भाग सैल होऊन घसरत असेल. उलट आवाजही मंदावला असेल, तर इंजिन बंद करून पंख्यात दोर किंवा जाळे अडकले आहे का ते पाहावे.

पंखा मोकळा असेल तर दोष इंजिनाकडे. मोटरीतून बाहेर पडणारी पाण्याची बारीक धार चालू आहे ना? ती थांबली असेल, तर थंड करणारे पाणी आत फिरत नाही. प्लास्टिकची पिशवीसुद्धा पाण्याची वाट अडवू शकते. इंजिन ताबडतोब बंद करावे.

धार ठीक असेल तर इंधन तपासावे. टाकीकडून येणाऱ्या नळीत एक रबरी फुगा असतो. मोटर चालू असताना तो दाबताच तिला जोर आला, तर ठिणगीचा दोष नसून पेट्रोल पुरेसे येत नाही हे कळते. नळी मुडपली असेल, गाळणी तुंबली असेल, पंप अधू झाला असेल. पण त्याआधी टाकीच्या झाकणावरील हवेचा स्क्रू पाहावा! तो बंद राहिला, तर पेट्रोल कमी होते तसा टाकीतील हवेचा दाबही कमी होतो आणि पंपाला पेट्रोल ओढणे जड जाते. सुरुवातीची दहा मिनिटे मोटर नीट का चालली, याचे उत्तर इथेच मिळते.

फुग्याने फरक पडला नाही तर? थोडे पेट्रोल काचेच्या बाटलीत स्थिर ठेवावे. पाणी मिसळले असेल तर ते जड असल्याने तळाशी वेगळा थर दिसतो. दोन सिलिंडरांच्या मोटरीत एकच प्लग पेट्रोलने ओला निघाला, तर त्या सिलिंडरात ठिणगी पडत नसावी. मात्र ही तपासणी जाणकारानेच करावी. तेथे विजेचा दाब फार मोठा असतो आणि जवळ पेट्रोलची वाफ असते.

सूत्र एवढेच : एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि परिणाम पाहावा. दोन गोष्टी एकदम बदलल्या, तर मोटर सुधारली तरी दोष कोठे होता ते कळत नाही.

करून पाहा : घट्ट झाकणाच्या डब्यात पाणी भरा. झाकणाला एक बारीक भोक पाडून डबा कलता करा, धार अडखळेल. आता समोरच्या कडेला दुसरे भोक पाडा. तेलाच्या डब्याला घरी नेहमी दोन भोके का पाडतात, ते आता सांगता येईल ना?