शाल नको, गोधडी हवी!

गेटवेहून लाँच, मांडव्याहून बस आणि मग अलिबाग, नागाव, रेवदंडा... हा रूट तुम्हाला पाठ असणार. बीच, सुरमई फ्राय आणि सोमवारी पुन्हा डेडलाइन! मीही त्यातलीच. पण या वर्षी सलग तीन वीकेंड चौलला गेले ते चक्क गोधडी शिवायला.

चौलला माझ्या आईचे मामा राहतात. आम्ही त्यांना आबा म्हणतो. वय पंच्याहत्तरीच्या पुढे. मराठा लाइट इन्फंट्रीच्या पहिल्या बटालियनचे, म्हणजे 'जंगी पलटणी'चे जवान. डिसेंबर १९७१ मध्ये या पलटणीने जमालपूर-टांगाईल रस्ता रोखून धरला, तेव्हा आबा तिथे होते.

एकदा चादर शोधताना त्यांचं कपाट उघडलं, तर आत शालींचा ढीग! २६ जानेवारी आली की कुणीतरी सत्कार करतं. शाल, श्रीफळ, फोटो, टाळ्या, संपलं. एकाही शालीची घडी मोडलेली नव्हती.

"वापरत का नाही?" मी विचारलं.

"टोचतात गं. आणि देणाऱ्याला माझं नावसुद्धा कागदावर बघून वाचावं लागतं."

तेव्हा मला अमेरिकेतली एक गोष्ट आठवली. २००३ मध्ये कॅथरिन रॉबर्ट्स नावाच्या बाईंचा मुलगा इराकच्या युद्धावर होता. त्या काळजीतून त्यांनी सैनिकांसाठी क्विल्ट शिवून देण्याचा उपक्रम सुरू केला. 'क्विल्ट्स ऑफ व्हॅलर' हे त्याचं नाव. आजवर लाखो क्विल्ट दिले गेलेत. प्रत्येकाच्या मागे एक पट्टी असते, त्यावर शिवणाऱ्याचं नाव.

मावशीला हे सांगितलं, तर ती म्हणाली, "त्यात काय? आजीची लुगडी पडलीयेत ट्रंकेत. आपण गोधडी करू."

आजीला जाऊन दोन वर्षं झाली. ट्रंकेला आबा कुणाला हात लावू देत नसत. "तिचं लुगडं फाडायचं नाही," एवढंच बोलून ते वाडीत निघून गेले. आमचा प्रोजेक्ट तिथेच बंद पडायचा. पण संध्याकाळी मावशीने त्यांना समजावलं, "मामा, फाडायचं नाही. घड्या घालून एकावर एक ठेवायची."

दुसऱ्या दिवशी आबांनी स्वतः ट्रंक उघडली.

मग ओटीवर चटई, चार बायका, जाड दोरा आणि मोठ्या सुया. कडेपासून आत आत धावदोरा घालत जायचं, म्हणजे कापड गोळा होत नाही. माझ्या बोटांची चाळण झाली, पण खरी गंमत गप्पांत होती. एक हिरवं लुगडं हातात घेऊन शेजारच्या काकू म्हणाल्या, "एकाहत्तरच्या लढाईत वहिनी हेच नेसायच्या. रोज रात्री धुवायचं, सकाळी पुन्हा तेच. मनात धरलं होतं, तुमची खुशाली कळेपर्यंत बदलायचं नाही."

आबा सुपारी कातरत होते. अडकित्ता थांबला.

"हे मला ती कधी बोलली नाही," ते म्हणाले.

पन्नास वर्षांहून जास्त काळ! लढाईबद्दल आम्ही त्यांना शंभर वेळा विचारलं होतं. आजीचे ते दिवस कसे गेले, हे कुणीच विचारलं नव्हतं. थोड्या वेळाने आबाच बोलू लागले. जमालपूरकडच्या बायकाही जुन्या साड्यांची अशीच गोधडी शिवतात, तिला कांथा म्हणतात. तिथल्या एका सोडून गेलेल्या घराच्या कुंपणावर तशी एक वाळत होती. "ती बघून घर आठवलं होतं," एवढंच म्हणाले.

गोधडी पूर्ण झाली, तेव्हा कोपऱ्यात आम्ही चौघींनी आपापली नावं टाक्यांत घातली. आबा म्हणाले, "पाचवं राहिलं." मग आजीचंही घातलं. ही गोधडी कपाटात गेली नाही, ते रोज पांघरतात.

७ डिसेंबरला सशस्त्र सेना ध्वजदिन असतो, १९४९ पासून. ऑफिसात डबा फिरतो, आपण नोट टाकतो, छोटा झेंडा शर्टला लावतो. निधी जरूर द्या. पण तुमच्या ऑफिसच्या गेटवर रोज सलाम ठोकणारे सिक्युरिटीवाले काका असतात ना, त्यांच्यातही माजी सैनिक बरेच असतात. गोधडी जमेल तेव्हा जमेल. उद्या पाच मिनिटं थांबा, नाव विचारा, पलटण विचारा. आणि हो, घरी कोण वाट बघत होतं, तेही विचारा.