लेखांक ६ : पाळीच्या वेळेवर येणारा मेसेज

मागच्या लेखांकात आपण रक्तातली साखर कशी मोजतात ते पाहिलं. ती वाढू नये म्हणून खिशातला फोन काय करू शकतो, हा या वेळचा विषय. आणि त्यासाठी सुरतेला जाऊ. ‘सुरतचं जमण आणि काशीचं मरण’ असं गुजरातीत म्हणतात ते उगाच नाही. लोचो, खमण, चंदी पडव्याची घारी. खाण्याची हौस या शहराच्या अंगातच मुरलेली आहे. आपल्याला मात्र जायचंय उधना, लिंबायत, डिंडोलीकडे. जळगाव, धुळे, नंदुरबारहून पोटासाठी आलेली कुटुंबं इथे राहतात, घरात अहिराणी बोलतात.

पावलं मोजणारं ॲप आता साध्या स्मार्टफोनवरही चालतं. फोनमधला सेन्सर चालताना बसणारे लयबद्ध हिसके टिपतो आणि त्यावरून पावलं धरतो. दिवसाला १०,००० पावलं हा आकडा मात्र वैद्यकीय संशोधनातून आलेला नाही. १९६५च्या सुमारास जपानमध्ये पावलं मोजणारं एक यंत्र विकायला आलं, त्याच्या नावातूनच तो रूढ झाला. आता या वस्त्यांतला, यंत्रमागावर बारा तासांची पाळी करणारा कामगार घ्या. तो मागांच्या रांगांमधून सतत फिरत असतो. फोन डब्याच्या पिशवीत राहिला, तर त्याचं एकही पाऊल मोजलं जात नाही. खिशात असला तर ॲप शाबासकी देतं. पण झोप उडवायला रात्रपाळीत घेतलेल्या गोड चहांचा त्याला पत्ताच नसतो. उलट सुरतेतल्याच वराछा, कतारगामचा रत्नकलाकार दिवसभर घंटीपाशी, म्हणजे हिरे घासायच्या चाकापाशी, बसून हिऱ्याला पैलू पाडतो. त्याला जागचं उठवायला हवं. दोघांना एकच उद्दिष्ट देणारं ॲप दोघांच्याही कामाचं नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

त्यापेक्षा साधा एसएमएस बरा, आणि त्याला पुरावा आहे. चेन्नईचे मधुमेहतज्ज्ञ डॉ. ए. रामचंद्रन आणि सहकाऱ्यांचा अभ्यास २०१३मध्ये ‘लॅन्सेट’ समूहाच्या नियतकालिकात आला. मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेले ५३७ नोकरदार पुरुष त्यात होते. आहार-व्यायामाचा सल्ला सुरुवातीला सगळ्यांनाच दिला; निम्म्यांना त्यानंतर दोन वर्षं फोनवर मेसेजही जात राहिले. नुसत्या सल्ल्यावर राहिलेल्यांपैकी २७ टक्क्यांना मधुमेह झाला, मेसेज मिळणाऱ्यांपैकी १८ टक्क्यांना. मला यात सर्वांत मोलाचं वाटतं ते हे की सवय बदलायला माणसाच्या मनाची तयारी कितपत झाली आहे, ते पाहून मजकूर ठरवला होता.

‘आरोग्य वर्ल्ड’ या संस्थेने नोकियाच्या साथीने असाच प्रयोग १० लाख ग्राहकांवर, १२ भाषांत केला. सहा महिन्यांत ५६ मेसेज गेले. फळं-भाज्या खाणं वाढलं, तेलातुपाचं प्रमाण घटलं.

लिंबायतसाठी असे मेसेज कुणी लिहायला घेतले, तर ‘कॅलरी’ हा शब्द आधी खोडावा आणि पाळीचं घड्याळ समोर ठेवावं. डबा भरायच्या वेळी घरच्या बाईच्या फोनवर: ‘कळण्याची भाकरी आहेच, आज शेवभाजीऐवजी मेथी द्या.’ मध्यरात्री कामगाराला: ‘या चहात साखर अर्धीच.’ आणि घंटीवरच्या माणसाला दर तासाने: ‘उठा, पाणी भरून आणा.’