फळीवरची पावलं

सणसरजवळच्या उसाच्या फडात पोचलो तेव्हा ट्रॉली निम्मी भरली होती. तोडणी पहाटेच सुरू झालेली. आता वाहणं चाललं होतं. नवरा मोळी उचलून बायकोच्या डोक्यावर देतो. ती चुंबळीवर तोलून सरीतून चालत येते, ट्रॉलीला लावलेल्या फळीवरून चढते आणि मोळी वर टाकते.

मी त्या बाईंची पावलंच बघत होतो. रानात पाऊल आखूड आणि घाईचं. खाली पाचट, पाचटाखाली कोयत्यानं तिरके छाटलेले बुडखे. फळीवर चाल बदलते. गुडघे किंचित वाकतात, अख्खा तळवा टेकतो, अंगठा फळीची कड शोधतो. मधोमध फळी लवते, आणि ती वर येतानाच बाई पुढचं पाऊल टाकतात. नजर समोर. खाली का बघत नाही, असं विचारलं तर म्हणाल्या, "दिसतंय कुठं? वाढं डोळ्यावर येतंय. आन् खाली बघितलं की मान हालती, मान हालली की मोळी."

नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. दिवसाला दीड-दोन टन ऊस तोडणारा. मोळी ३० किलोची धरली तरी दोन टनांना सहासष्टच्या वर खेपा होतात, आणि त्या पहाटेपासून वाकून राबलेल्या अंगानं करायच्या.

ओझ्याखाली चाल कशी बदलते हे बघायला अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठातल्या अभ्यासकांनी अग्निशामकांना पूर्ण पोशाख आणि पाठीवर हवेची नळकांडी घालून चालायला, अडथळे ओलांडायला लावलं आणि त्यांची पावलं मोजली. पाठीवरचं वजन वाढलं की चाल बदलते आणि पाय अडथळ्याला लागण्याची शक्यता वाढते. मुखवट्यामुळे पायाखालचं नीट दिसत नाही, तेही आलंच. त्यांचा मुखवटा, इथलं उसाच्या शेंड्याचं वाढं. माळेगाव, सोमेश्वर, छत्रपती, कर्मयोगी अशा कारखान्यांना ऊस पुरवणाऱ्या या भागातल्या फडांतली पावलंही कुणीतरी अशीच मोजायला हवीत, असं मला फार वाटतं.

कारण कुणी पडलं की टोळीत एकच शब्द ऐकू येतो: लक्ष नव्हतं. मला ते पटत नाही. साडेपाचनंतर बाईंचं पाऊल दुपारइतकं उचललं जात नव्हतं. टाच पाचट ओढत होती, बोटं दोनदा बुडख्याला अडखळली. लक्ष तेवढंच होतं, मांडीत जोर उरला नव्हता. त्यात ट्रॉली भरत जाते तशी रास उंच होते आणि फळीचा चढ वाढतो. म्हणजे सगळ्यांत उभा चढ सगळ्यांत दमलेल्या पायांना. फळीवर आडव्या पट्ट्या ठोकल्या तर निदान पाय घसरायचा नाही. त्या फळीवर एकही नव्हती. एकाचा पाय मोडला की अख्खा कोयता मोडतो आणि मुकादमाकडून घेतलेली उचल अंगावर तशीच राहते.

दुपारी बाई मोकळ्या डोक्यानं फळीवरून पळत उतरायच्या. शेवटची मोळी टाकल्यावर त्या वरच थोडा वेळ थांबल्या. मग आडव्या वळल्या, एक पाय खाली, दुसरा त्याला आणून मिळवला. खालून नवऱ्यानं न बोलता हात वर केला.