इतिहासाची फेरतपासणी, लेखांक ६ : वॉटर्लूची दुसरी आघाडी

मागच्या लेखात आपण १६ जून १८१५ च्या रात्रीपर्यंत आलो होतो. लिन्यी येथे नेपोलियनने प्रशियन सैन्याला हरवले होते. बहात्तर वर्षांचा सेनापती ब्ल्यूखर घोड्याखाली सापडून कसाबसा वाचला होता. तरीही ते सैन्य पूर्वेला मायदेशाच्या वाटेला न लागता उत्तरेला वाव्रकडे सरकले, आणि वाव्रहून वेलिंग्टनच्या मदतीला जाता येत होते. निदान एक प्रशियन कोअर येणार असेल तरच वेलिंग्टन मों-सां-जांच्या टेकाडावर उभा राहणार होता. १८ तारखेच्या पहाटे तसा शब्द त्याच्या हाती पडला. म्हणून मला वाटते, इंग्रजांनी दिवसभर खिंड लढवली आणि प्रशियन आयत्या वेळी पाठलागाला आले, ही आपण शाळेपासून ऐकलेली गोष्ट मुळातून बदलायला हवी. ही लढाई पहिल्यापासून दोन सैन्यांच्या भरवशावर आखलेली होती.

पुरावा नकाशावरच आहे. प्लांसन्वा हे खेडे फ्रेंचांच्या उजव्या बगलेच्या मागे, नेपोलियनच्या परतीच्या चार्लरॉय रस्त्यापासून अगदी जवळ होते. साडेचारच्या सुमारास ब्यूलोचे प्रशियन सैन्य जंगलातून बाहेर पडून त्या दिशेने चालून आले. चर्च आणि त्याच्या कुंपणातली स्मशानभूमी यांच्याभोवती हातघाईची लढाई जुंपली. गाव कधी यांच्याकडे, कधी त्यांच्याकडे. ते राखायला नेपोलियनला यंग गार्डच्या आठ बटालियन धाडाव्या लागल्या, पाठोपाठ ओल्ड गार्डच्याही दोन. नेमक्या याच सुमारास टेकाडाच्या मध्यावरचा ला ए सांत हा शेतवाडा पडला, वेलिंग्टनची फळी विरळ झाली आणि मार्शल नेने ताज्या पायदळाची मागणी केली. ती फेटाळली गेली. शेवटी गार्ड टेकाडावर चढली तेव्हा तिच्या मोजक्याच बटालियन पुढे होत्या. दुसरीकडे त्सीटेनचे प्रशियन डाव्या टोकाकडे येत असल्यामुळे वेलिंग्टनला तिथले घोडदळ काढून मध्यावर आणता आले. दोन्ही आघाड्यांचे घड्याळ एकच होते. प्लांसन्वाच्या गल्ल्यांत प्रशियनांनी मोजलेली किंमत म्हणजे त्यांच्या त्या दिवशीच्या सुमारे ७,००० मृत-जखमींपैकी मोठा वाटा.

मग हे चित्र पुसट कसे झाले? १८३० मध्ये विल्यम सायबोर्न या लेफ्टनंटवर रणभूमीची प्रतिकृती करण्याचे काम सोपवले गेले. या माणसाच्या चिकाटीपुढे मान झुकते. ला ए सांतमध्ये आठ महिने राहून त्याने जमिनीचा चढउतार मोजला, लढाईत असलेल्या अधिकाऱ्यांना पत्रे लिहून संध्याकाळी सातच्या सुमारास कोण कुठे होते ते विचारले, सरकारने पैसे थांबवल्यावर कर्ज काढले. १८३८ मध्ये लंडनमध्ये प्रतिकृती मांडली गेली, तेव्हा तिच्यातले प्रशियन बरेच पुढे आलेले दिसत होते. वेलिंग्टनच्या गोटाला ते रुचले नाही. पुढे सायबोर्नने प्रशियनांच्या पुष्कळ मूर्ती काढून टाकल्या. त्याने जमवलेली पत्रे अमोल आहेत, पण ती बहुतांश टेकाडावर उभ्या असलेल्यांची आणि पंधरा-वीस वर्षांनंतरच्या आठवणींची. टेकाडावरून प्लांसन्वाचा धूर दिसतो, गल्ली दिसत नाही. खुद्द वेलिंग्टनने लढाईच्या दुसऱ्या दिवशी, १९ जूनच्या खलित्यात, यशाचे श्रेय ब्ल्यूखरच्या वेळेवरच्या मदतीला मोकळेपणाने दिले होते. ताजा पुरावा आणि नंतरची स्मृती यांत मी ताज्या पुराव्याकडे झुकतो.

यावर एक आक्षेप वजनदार आहे. साडेअकरापासून साडेचारपर्यंत पाच तास टेकाड एकट्या वेलिंग्टनने धरले. दुपारी ते फुटले असते तर ब्यूलो कोणाच्या मदतीला आला असता? हे मी पूर्ण मान्य करतो. असईच्या रणात १८०३ साली शिंदे-भोसल्यांच्या फौजांनी अनुभवलेला आर्थर वेल्स्ली तो हाच, आणि जागा निवडून ती न सोडण्यात त्याची बरोबरी थोड्यांनीच केली असेल. पण त्या पाच तासांतही नेपोलियन मोकळा नव्हता. एकच्या सुमारास पूर्वेला प्रशियन दिसले आणि आधी घोडदळाच्या तुकड्या, मग लोबाऊची राखीव कोअर तिकडे वळवावी लागली. दुसरा आक्षेप असा की ही जुन्या जर्मन राष्ट्रवाद्यांचीच वकिली झाली. पण टेकाडावरचे सैन्य तरी निखळ इंग्रज कुठे होते? सुमारे ६८,००० पैकी ब्रिटिश साधारण २५,००० होते. बाकीचे हानोवर, ब्रन्सविक, नासाऊ, नेदरलँड्सचे आणि ब्रिटिश सेवेतल्या किंग्ज जर्मन लीजनचे. ला ए सांत लढवणारा मेजर बारिंग आणि त्याचे सुमारे चारशे सैनिक याच लीजनचे होते. काडतुसे संपेपर्यंत ते लढले, आणि दिवस मावळला तेव्हा त्याच्यापाशी बेचाळीस जण उरले होते. हानोवरचा राजा तोच इंग्लंडचाही राजा. या बेचाळिसांना कोणत्या राष्ट्राच्या खात्यात टाकायचे, हा प्रश्न त्यांना स्वतःला पडलाही नसेल.

या हिशेबात एक मोठी रक्कम अजून मांडायची राहिली आहे : त्याच दिवशी वाव्रपाशी गुंतून पडलेले ग्रूशीचे ३३,००० फ्रेंच सैनिक. पुढच्या आठवड्यात त्यांच्या वाटेने जाऊ.