शिळी नोंद ओळखायची कशी?

ॲपवर पत्ता बदलला, ‘बदल जतन झाला’ असा संदेशही आला. पण पान पुन्हा उघडलं तर जुनाच पत्ता. आणखी एकदा उघडलं, तर नवा! मोठ्या संकेतस्थळामागे अनेक सर्व्हर राबत असतात आणि आपली प्रत्येक विनंती वेगळ्या सर्व्हरकडे जाऊ शकते. डेटाबेसवरचा भार हलका व्हावा म्हणून हे सर्व्हर नेहमी लागणाऱ्या नोंदींच्या प्रती स्वतःच्या मेमरीत, म्हणजे कॅशमध्ये ठेवतात. एकाने मूळ नोंद बदलली, की इतरांकडच्या प्रती शिळ्या होतात.

ब्रॅड फिट्झपॅट्रिक यांनी २००३ मध्ये लाइव्हजर्नल या संकेतस्थळासाठी ‘मेमकॅश्ड’ तयार केलं, ते सगळ्या सर्व्हरना मिळून वापरता येईल अशी कॅश म्हणून. तरीही नोंद दोन ठिकाणी राहतेच: डेटाबेसमध्ये आणि कॅशमध्ये. बदल झाल्यावर कॅशमध्ये नवी किंमत लिहिण्यापेक्षा जुनी पुसून टाकणं अधिक सुरक्षित असतं. लागोपाठचे दोन बदल उलट्या क्रमाने पोहोचले, तर जुनाच वर बसतो. पुसण्याचा आदेश मात्र दोनदा आला तरी काही बिघडत नाही.

खरी मेख पुढे आहे. ‘अ’ सर्व्हरला कॅशमध्ये नोंद सापडत नाही. तो डेटाबेसमधून ती वाचतो आणि नेमका तिथेच रेंगाळतो. तेवढ्यात ‘ब’ मूळ नोंद बदलतो, कॅशही पुसतो. मग ‘अ’ हातातली जुनी किंमत कॅशमध्ये ठेवतो. आता ती शिळी प्रत तिची ठरलेली मुदत संपेपर्यंत किंवा पुढचा बदल होईपर्यंत तिथेच राहते.

फेसबुकच्या अभियंत्यांनी २०१३ च्या शोधनिबंधात यावरचा उपाय मांडला. नोंद सापडली नाही, की कॅश त्या सर्व्हरला ६४ बिटांचं टोकन देते. मधल्या काळात नोंद पुसली गेली तर टोकन बाद होतं आणि उशिरा आलेली किंमत नाकारली जाते. एका नोंदीसाठी साधारण दहा सेकंदांत एकच टोकन मिळत असल्याने डेटाबेसवर एकदम झुंबडही उडत नाही. अशी झुंबड उडण्याची शक्यता असलेल्या नोंदींवर त्यांनी चाचणी घेतली, तेव्हा सेकंदाला १७,००० पर्यंत चढणाऱ्या विचारणा १,३०० वर आल्या.

तरीही प्रत्येक प्रत क्षणोक्षणी ताजी ठेवायची, तर वेगाची किंमत मोजावी लागते. ‘लाइक’चा आकडा काही सेकंद मागे राहिला तर चालतं, खात्यातली शिल्लक तपासून पैसे वळते करताना चालत नाही. म्हणून कोणती नोंद किती काळ शिळी चालेल, हे प्रणाली बांधण्याआधीच ठरवायला हवं.