रक्तातील भटके तुकडे

परळच्या के.ई.एम. रुग्णालयाच्या आवारात नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ इम्युनोहिमॅटॉलॉजी आहे. रक्त नीट न गोठण्याच्या हिमोफिलिया या आजाराची तपासणी तेथे होते. आजार बहुधा मुलग्यांना होतो, दोष येतो आईकडून. म्हणून चाळीत बोट लगेच तिच्याकडे, तिच्या माहेराच्या रक्ताकडे, गेल्या जन्मीच्या पापाकडे वळते. शिकल्यासवरल्या घरांतही मी हे ऐकले आहे.

१९८८ साली अमेरिकेत हेग कझाझियन व सहकाऱ्यांनी असे २४० रुग्ण तपासले. दोघांच्या रक्त गोठवणाऱ्या जनुकात ‘एल-वन’ नावाचा डीएनएचा तुकडा घुसलेला आढळला. आईच्या त्या जनुकात तो नव्हताच. हा तुकडा स्वतःची आरएनए प्रत काढतो, तिच्यावरून पुन्हा डीएनए घडवतो आणि तो भलत्याच जागी रुजवतो. माणसाच्या डीएनएचा सुमारे ४५ टक्के भाग अशा फिरत्या तुकड्यांपासून आलेला आहे. प्रथिने घडवणारा भाग जेमतेम दीड टक्का. आज त्यांतले बहुतेक थिजलेले आहेत. एल-वनच्या सुमारे पाच लाख प्रतींपैकी शंभरेकच हलू शकतात. शास्त्रज्ञ पुष्कळ वर्षे या साऱ्याला ‘कचरा’ म्हणत. हा शब्द कोण कोणाला लावतो, हे आपल्याला नव्याने शिकायचे नाही.

वर्गात हे सांगितले की कोणीतरी विचारतेच, ‘मग आईचा दोष नाही?’ एल-वन हे कारण विरळ. पुष्कळदा आई खरोखर वाहक असते. पण तिलाही तो बिघाड बहुधा जन्मतःच मिळालेला असतो, आणि सुमारे एक-तृतीयांश रुग्णांच्या घरात पूर्वी हा आजार कोणालाच नसतो. वाहक कोण, हे तपासणीने कळते. बहिणी-मावश्यांनाही ती करून घेता येते.